हिमनद्यांवरील रात्रीची गस्त

स्वित्झर्लंडच्या दक्षिणेस, इटलीच्या सीमेलगत, व्हाले नावाचा डोंगराळ परगणा आहे. या परगण्यातील झरमॅट हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर वसले आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई याची उंची १,६४६ मीटर आहे. म्हणजेच आपल्या राज्यातील सर्वांत उंच माथा जेथे संपतो, जवळजवळ तेथेच या गावाची वस्ती सुरू होते. दर दोन वर्षांनी, वसंत ऋतूच्या आरंभी, या गावातून रात्री दहाच्या सुमारास तिघातिघांची पथके निघतात. प्रत्येकाच्या पाठीवर बर्फावरून घसरत जाण्याच्या लांब पट्ट्या, म्हणजे स्की, बांधलेल्या असतात. कपाळावर दिवा असतो आणि पिशवीत दोर असतो. रात्रभर चढ-उतार करीत, हिमनद्या व खिंडी ओलांडत या पथकांना पश्चिमेकडील वेर्बिए या गावी पोहोचावयाचे असते. अंतर सुमारे ५३ किलोमीटर आणि एकूण चढ सुमारे ४,००० मीटर. हे सारे एका दमात, मुक्काम न करता पार पाडावयाचे असते.

'पात्रुय दे ग्लासिए', म्हणजे 'हिमनद्यांची गस्त', या नावाने ही स्पर्धा ओळखली जाते. तिचे संयोजन स्वित्झर्लंडचे लष्कर करते. जगातील अत्यंत खडतर सांघिक साहसस्पर्धांमध्ये तिची गणना होते. परंतु तिची खरी ओळख केवळ खडतरपणात नाही. एका भीषण अपघातानंतर ही स्पर्धा पस्तीस वर्षे बंद राहिली आणि नंतर नव्या शिस्तीने पुन्हा सुरू झाली. साहस आणि सुरक्षितता यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नाचा विचार करणाऱ्या प्रत्येकास तिचा इतिहास उद्बोधक ठरावा असा आहे.

युद्धकाळातील जन्म

या स्पर्धेचा उगम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आहे. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्सचा पाडाव झाला आणि तटस्थ राहिलेला स्वित्झर्लंड जवळजवळ सर्व बाजूंनी अक्ष राष्ट्रांच्या वेढ्यात सापडला. देशाचे सरसेनापती जनरल आंरी गिझां यांनी सपाट प्रदेशाऐवजी आल्प्स पर्वतातील दुर्गम भागाचा आश्रय घेऊन संरक्षण करण्याचे धोरण आखले. डोंगर हाच किल्ला, असा हा विचार होता. शिवकालाचा इतिहास जाणणाऱ्या मराठी वाचकास तो सहज उमगेल.

व्हाले परगण्यातील उंच सीमाप्रदेशाच्या रक्षणाची जबाबदारी दहाव्या पर्वतीय ब्रिगेडकडे होती. या ब्रिगेडमधील रोदोल्फ तिसिएर आणि रोजे बोंव्हां या दोन कप्तानांनी आपल्या जवानांची क्षमता अजमावण्यासाठी एक कल्पना मांडली. झरमॅटपासून वेर्बिएपर्यंतचा उंच मार्ग गिर्यारोहक सामान्यतः चार दिवसांत, रात्री पर्वतीय निवाऱ्यांत मुक्काम करीत पार करीत. तोच मार्ग तीन जवानांच्या गस्ती पथकाने एका दमात पार करावा, अशी ही कल्पना होती. त्यानुसार १९४३ च्या एप्रिल महिन्यात पहिली स्पर्धा झाली आणि १९४४ साली दुसरी. यांतील रोजे बोंव्हां हे पुढे स्वित्झर्लंडच्या सात सदस्यांच्या संघीय मंत्रिमंडळात गेले आणि १९६७ व १९७३ या दोन वर्षी त्यांनी देशाचे अध्यक्षपद भूषविले, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

लष्करी गस्तीचे खेळात रूपांतर करण्याची परंपरा त्या देशात यापूर्वीही होती. १९२४ साली फ्रान्समधील शामोनी येथे झालेल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये लष्करी गस्त हा सांघिक क्रीडाप्रकार होता आणि त्यात स्वित्झर्लंडच्या संघाने सुवर्णपदक मिळविले होते. नव्या स्पर्धेचे वेगळेपण असे की, तिचा मार्ग हिमनद्यांवरून जात होता आणि त्यातील मोठा भाग अंधारात पार करावयाचा होता.

मार्गाचे स्वरूप

झरमॅट सोडल्यावर पथके मॅटरहॉर्न या ४,४७८ मीटर उंचीच्या प्रसिद्ध शिखराच्या पायथ्यालगतच्या दरीतून वर चढू लागतात. आरंभीच्या टप्प्यात बर्फ पुरेसे नसेल तर स्की पाठीवर बांधून पायी धावावे लागते. पुढे बर्फ लागले की स्कीच्या तळाला विशिष्ट पट्ट्या चिकटविल्या जातात. या पट्ट्यांवरील केसांची लव एकाच दिशेने असते. त्यामुळे स्की पुढे सरकते, परंतु चढावर मागे घसरत नाही. पूर्वी या पट्ट्या सील नावाच्या सागरी प्राण्याच्या कातड्याच्या असत. आता त्यांसाठी लोकर व कृत्रिम धागे वापरले जातात.

या पहिल्या चढाचा शेवट तेत ब्लांश या ठिकाणी होतो. येथे मार्गाची उंची सुमारे ३,६५० मीटर असून संपूर्ण स्पर्धेतील हे सर्वोच्च स्थान होय. झरमॅटपासून येथवरचा चढ दोन हजार मीटरांहून अधिक भरतो. मध्यरात्रीनंतर किंवा पहाटेपूर्वी पथके येथे पोहोचतात. तापमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत जाऊ शकते आणि वारा सुटला तर थंडी त्याहूनही अधिक बोचते. घामाने भिजलेले अंग काही मिनिटांत गारठते, हाताची बोटे बधिर होतात आणि नळीतील पाणी गोठून जाते.

तेत ब्लांशनंतर मों मिने हिमनदीच्या वरच्या भागातून उतरून पथके बेर्तोल खिंडीत येतात. तेथून तीव्र उतारावरून आरोला या सुमारे २,००० मीटर उंचीवरील गावी पोहोचावयाचे असते. येथे जवळजवळ निम्मे अंतर संपते. ज्यांना पूर्ण मार्ग झेपणार नाही, अशांसाठी आरोलापासूनच सुरू होणारी छोटी स्पर्धाही ठेवण्यात आली आहे.

आरोलानंतर २,९१९ मीटर उंचीची रिएदमातेन खिंड लागते. येथे उभ्या चढावर दोर बांधलेले असतात आणि स्पर्धकांना स्की खांद्यावर घेऊन त्यांच्या आधाराने जावे लागते. खिंडीपलीकडे दिस सरोवराच्या काठाने लांबचा सपाट रस्ता आहे. हे सरोवर ग्रांद दिक्सांस धरणाचे. १९६१ साली पूर्ण झालेल्या या धरणाची उंची २८५ मीटर आहे. कोयना धरणाची उंची १०३ मीटर आहे, हे लक्षात घेतल्यास त्याच्या भव्यतेची कल्पना यावी. सरोवरानंतर रोझाब्लांशचा चढ येतो. त्याच्या शेवटच्या टप्प्यात बर्फात पायऱ्या खोदलेल्या असतात. स्पर्धेच्या दिवशी पंचक्रोशीतील लोक येथवर चढून येतात आणि गुरांच्या गळ्यातील मोठ्या घंटा वाजवून थकलेल्या पथकांना धीर देतात. यानंतर आणखी एक खिंड ओलांडली की वेर्बिएपर्यंतचा शेवटचा उतार उरतो.

डोंगरातील अंतर केवळ किलोमीटरांत मोजून चालत नाही. स्विस लष्करात १०० मीटर चढ हा सपाटीवरील एक किलोमीटराच्या बरोबरीचा धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने ५३ किलोमीटर अंतर आणि ४,००० मीटर चढ मिळून ९३ किलोमीटर होतात. तीव्र उतारांचे श्रमही त्यात धरले तर हा आकडा ११० च्या आसपास जातो. हिमस्थितीनुसार मार्गात दरवेळी थोडाफार बदल होतो आणि त्याप्रमाणे हे आकडेही कमी-अधिक होतात.

रात्रच का?

एवढा अवघड मार्ग अंधारातच का पार करावयाचा, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर बर्फाच्या गुणधर्मात आहे. वसंत ऋतूत दिवसा उन्हाने वरचे बर्फ मऊ होते. उतारावरील थर सैल होऊन हिमप्रपाताचा धोका वाढतो. रात्री तेच बर्फ गोठून कठीण बनते आणि त्यावरून चालणे तुलनेने सुरक्षित होते. म्हणून धोक्याचे उंच टप्पे ऊन चढण्यापूर्वी ओलांडणे इष्ट असते.

याच कारणास्तव सर्व पथकांना एकाच वेळी सोडले जात नाही. ज्यांना अधिक वेळ लागण्याची अपेक्षा असते, ती पथके रात्री आधी निघतात. वेगवान पथके पहाटेच्या सुमारास निघतात. मार्गावरील प्रमुख ठाण्यांसाठी वेळेची मर्यादा ठरवून दिलेली असते. त्या वेळेत ठाणे न गाठणाऱ्या पथकास पुढे जाऊ दिले जात नाही. वरवर पाहता हा नियम कठोर वाटतो. प्रत्यक्षात त्याचा हेतू एवढाच की, थकलेले पथक दुपारच्या मऊ बर्फावर, हिमप्रपाताच्या वाटेत सापडू नये.

तिघांचा एक जीव

हिमनदी ही नावाप्रमाणेच वाहते; मात्र तिचा प्रवाह अत्यंत मंद असतो. बर्फाचा हा अवाढव्य पट्टा उतारावरून सरकताना वळणांवर व चढ-उतारांवर ताणला जातो आणि त्यात खोल भेगा पडतात. हिवाळ्यातील ताज्या हिमाने या भेगांची तोंडे झाकली जातात. वरून पृष्ठभाग एकसंध दिसतो, परंतु खाली पोकळी असते. या हिमपुलावरून एखादा जड पाऊल टाकून गेला की पूल कोसळून तो माणूस खोल गर्तेत जाऊ शकतो. अंधारात तर भेगेची पुसट खूणही दिसत नाही.

या धोक्यावरील सर्वांत जुना उपाय म्हणजे दोर. तिघांनी ठराविक अंतर राखून एकाच दोराने स्वतःस बांधून घेतले, तर एक जण भेगेत पडल्यास उरलेले दोघे त्याला तोलून धरू शकतात. दोघांचेच पथक असेल तर हा भार एकट्यावर येतो आणि तोही ओढला जाण्याची शक्यता असते. गस्तीसाठी तीन ही संख्या किती सयुक्तिक आहे, हे यावरून ध्यानी येते. तेत ब्लांशच्या परिसरातील हिमनद्यांच्या टप्प्यात पथकांना दोराने बांधून घेऊनच जावे लागते. तिघांनी एकाच दोरावर स्कीवरून उतरणे हे मोठे कौशल्याचे काम आहे. पुढच्याने वेग वाढविला तर मागचा ओढला जातो. मागच्याने तोल गमावला तर पुढचे दोघे खेचले जातात. अंधारात, एकमेकांच्या हालचालींचा अंदाज घेत, तिघांना एका लयीत उतरावे लागते.

दोराचे महत्त्व झरमॅटला नव्याने सांगावे लागत नाही. १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्न शिखर प्रथमच सर करणारे सात जण उतरत असताना एकाचा पाय घसरला. त्याच्याबरोबर आणखी तिघे ओढले गेले. दोर मध्येच तुटला. चौघे मृत्युमुखी पडले आणि तिघे वाचले. दोर माणसांना तारतो, परंतु तो सुस्थितीत असला पाहिजे आणि त्याला बांधलेली माणसे परस्परांना सांभाळणारी असली पाहिजेत, ही शिकवण या घटनेने कायमची दिली.

या स्पर्धेत वैयक्तिक क्रमांकास स्थान नाही. तिघांनी सर्व मार्ग एकत्र चालावयाचा असतो. परिणामी पथकाचा वेग हा सर्वांत संथ सदस्याचा वेग असतो. काही पथके चढावर लवचिक दोरीचा उपयोग करतात. बळकट सदस्य ती आपल्या कमरेला अडकवून थकलेल्या साथीदारास हलका आधार देतो. अनुभवी पथके साथीदाराच्या बोलण्यावर विसंबून राहत नाहीत. 'मी ठीक आहे' असे थकलेला माणूस शेवटपर्यंत म्हणतच असतो. त्याचे खाणे थांबले आहे का, बोलणे तुटक झाले आहे का, साध्या गाठी मारताना हात अडखळत आहेत का, याकडे इतर दोघांना लक्ष द्यावे लागते. अतिश्रम व थंडी यांनी प्रथम विवेक मंदावतो. म्हणून परत फिरण्याचा निर्णय ज्याला घ्यावयाचा, त्यालाच अनेकदा त्याची गरज जाणवत नाही. तेथे साथीदाराने घेतलेला निर्णय त्याचा जीव वाचवितो.

१९४९ चा अपघात

महायुद्ध संपल्यानंतर १९४९ च्या एप्रिल महिन्यात तिसरी स्पर्धा भरली. या स्पर्धेत व्हाले परगण्यातीलच ओर्सिएर या गावचे एक पथक उतरले होते. मों मिने हिमनदीवर या पथकातील तिघेही एका हिमभेगेत पडले आणि मरण पावले. त्यांचे मृतदेह अनेक दिवसांच्या शोधानंतर हाती लागले.

डोंगरात वाढलेली, बर्फाशी परिचय असलेली ही माणसे होती. त्यामुळे अपघाताचा धक्का अधिकच तीव्र होता. स्पर्धेवर कडक टीका झाली. युद्धकाळात जवानांची कसोटी घेणे ही त्या वेळची निकड होती. शांततेच्या काळात तेवढ्याच जोखमीची शर्यत भरविणे कितपत योग्य, हा टीकेमागील प्रश्न होता. अखेर स्वित्झर्लंडच्या लष्करी खात्याने या स्पर्धेवर बंदी घातली.

त्या काळाच्या साधनांचा विचार केल्यास या निर्णयामागील कारणे समजतात. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाचा ठाव सांगणारे संदेशयंत्र तेव्हा अस्तित्वात नव्हते. आल्प्समध्ये हेलिकॉप्टरने जखमींना उचलून आणण्याची व्यवस्था उभी राहिलेली नव्हती. स्विस हवाई बचाव संस्थेची स्थापनाच १९५२ सालची. एकदा पथक अंधारात दिसेनासे झाले की त्याच्या खुशालीची वार्ता पुढच्या ठाण्यावर ते पोहोचेल तेव्हाच कळावयाची. अशा स्थितीत, यापुढे असे होणार नाही, अशी ग्वाही कोणताही जबाबदार अधिकारी देऊ शकला नसता.

पुनरारंभ आणि नवी शिस्त

काही लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रयत्नांमुळे १९८४ साली ही स्पर्धा पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून ती साधारणपणे दर दोन वर्षांनी भरविली जाते. २०२० सालची स्पर्धा करोनाच्या साथीमुळे रद्द करावी लागली. पूर्वी केवळ जवानांसाठी असलेल्या या स्पर्धेत आता नागरिकही मोठ्या संख्येने भाग घेतात. महिलांची स्वतंत्र पथके असतात, तद्वतच स्त्री-पुरुषांची मिश्र पथकेही असतात. दोन्ही मार्गांवर मिळून दीड हजारांच्या आसपास पथकांना प्रवेश मिळतो.

आजच्या व्यवस्थेचे मुख्य घटक पाहण्यासारखे आहेत. पहिला घटक साधनांचा. प्रत्येक स्पर्धकाजवळ हिमप्रपात-संदेशयंत्र असावे लागते. हे छोटे यंत्र ४५७ किलोहर्ट्झ या आंतरराष्ट्रीय कंप्रतेवर सतत लहरी सोडत असते. कोणी बर्फाखाली गाडला गेल्यास साथीदार आपली यंत्रे शोधक म्हणून वापरतात, लांब सळईने नेमकी जागा निश्चित करतात आणि फावड्याने बर्फ उपसतात. गाडल्या गेलेल्या माणसाच्या दृष्टीने पहिली दहा-पंधरा मिनिटे निर्णायक असतात. बाहेरची मदत एवढ्या वेळात क्वचितच पोहोचते. म्हणून साथीदार हेच पहिले बचावपथक ठरतात. याखेरीज दोर, कमरपट्टा, बुटाला लावावयाचे खिळ्यांचे साचे, दिवा, शिटी, प्रथमोपचाराचे साहित्य आणि उबदार कपडे ही साधने बाळगणे बंधनकारक आहे. वजन कमी करण्याच्या मोहाने त्यांतील काही गाळण्याची मुभा नाही.

दुसरा घटक मनुष्यबळाचा. मार्ग आखणे, हिमभेगांची पाहणी करणे, अवघड जागी दोर बांधणे, ठाणी उभारणे, संदेशवहन, वैद्यकीय मदत आणि हवाई बचाव यांसाठी लष्कराचे शेकडो जवान, पर्वतीय मार्गदर्शक, डॉक्टर आणि हिमप्रपाततज्ज्ञ तैनात असतात. प्रत्येक ठाण्यावर पथकांची नोंद होते. त्यामुळे कोणते पथक कोठे आहे आणि कोणते अपेक्षित वेळेत पोहोचलेले नाही, हे नियंत्रण कक्षास कळत राहते.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा घटक निर्णयाचा. हवामान व हिमस्थितीचा अंदाज पाहून स्पर्धा पुढे ढकलण्याचा, मध्येच थांबविण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार संयोजक अधिकाऱ्यांकडे असतो. पुनरारंभानंतर या अधिकाराचा प्रत्यक्ष वापरही झालेला आहे. महिनोन्‌महिने सराव करून, दूरदेशांहून खर्च करून आलेल्या हजारो स्पर्धकांना गावातून परत पाठविणे सोपे नसते. नाराजी ओढवते, आर्थिक नुकसान होते. तरीही हा निर्णय घेता येतो, याचे कारण तो घेण्याची रीत आधीच ठरलेली असते आणि सर्वांनी ती आधीच मान्य केलेली असते.

या चौकटीत क्रीडाकौशल्यासही भरपूर वाव मिळाला आहे. २०१८ साली इटलीच्या पुरुष पथकाने झरमॅट ते वेर्बिए हा मार्ग ५ तास ३५ मिनिटांत पार केला. त्याच वर्षी एका महिला पथकाने तो ७ तास १५ मिनिटांत पूर्ण केला. तथापि बहुसंख्य पथकांना याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक वेळ लागतो आणि वेर्बिएच्या रस्त्यांवर त्यांचे स्वागतही तेवढ्याच उत्साहाने होते. स्कीवरून पर्वतारोहण या खेळाचा २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये समावेश करण्याचा निर्णय २०२१ साली झाला, यावरून या क्रीडाप्रकाराचा प्रसार लक्षात येतो.

वितळणारी वाट

अलीकडच्या काळात या स्पर्धेपुढे नवे आव्हान उभे राहिले आहे. स्वित्झर्लंडमधील हिमनद्या वेगाने क्षीण होत आहेत. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांतच त्यांचे सुमारे १० टक्के हिम नष्ट झाले. बर्फ ओसरल्याने जेथून पूर्वी सहज उतरता येत असे तेथे उघडे दगड-गोटे लागतात, हिमनदीच्या कडा उंच व अस्थिर बनतात आणि हिमपूल दुबळे होतात. त्यामुळे एकदा सुरक्षित ठरलेला मार्ग कायमचा सुरक्षित मानता येत नाही. दरवेळी नव्याने पाहणी करावी लागते. नियम हे लिहून ठेवण्यासाठी जितके, तितकेच बदलत्या परिस्थितीनुसार तपासून घेण्यासाठी असतात, हे येथे प्रकर्षाने जाणवते.

आपल्या डोंगरांसाठी बोध

सह्याद्रीत हिमनद्या नाहीत. परंतु येथील डोंगरांनाही त्यांचे धोके आहेत. पावसाळ्यात ओढ्यांना अचानक येणारे पाणी, शेवाळलेले कातळ, दाट धुके, सुटणाऱ्या दरडी आणि उन्हाळ्यात पाण्यावाचून होणारी तगमग ही त्यांतील काही उदाहरणे. राज्यातील किल्ल्यांवर व डोंगरवाटांवर शाळा-महाविद्यालयांच्या सहली, रात्रीच्या पदभ्रमण मोहिमा आणि सांघिक स्पर्धा आता नित्याच्या झाल्या आहेत. राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटन धोरण जाहीर केले असून त्यात अशा उपक्रमांच्या आयोजकांची नोंदणी व सुरक्षाविषयक दंडकांचे पालन यांवर भर देण्यात आला आहे.

धोरणाची खरी कसोटी मात्र गावपातळीवर लागते. एखादी संस्था गावाच्या हद्दीतील डोंगरावर रात्रीची मोहीम काढू इच्छिते, तेव्हा ग्रामपंचायत, तालुक्याचे अधिकारी किंवा मुले पाठविणारी शाळा यांनी काही साधे प्रश्न विचारावयास हवेत. निघणाऱ्यांची व पोहोचणाऱ्यांची नोंद कोण ठेवणार? कोणत्या वेळेनंतर कोणालाही पुढे सोडले जाणार नाही? वाटेत एकाचा पाय मुरगळला तर त्याच्याजवळ कोण थांबणार आणि निरोप कोणत्या मार्गाने पोहोचणार? भ्रमणध्वनीची लहर न मिळणाऱ्या टप्प्यात कोणती व्यवस्था आहे? सर्वांत जवळचे आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे? आणि पाऊस वाढला तर मोहीम रद्द करण्याचा शब्द कोणाचा चालेल? यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जर 'तेव्हाचे तेव्हा पाहू' असे मिळाले, तर परवानगी देण्यापूर्वी थांबून विचार करणे श्रेयस्कर.

स्थानिक माहितगारांचे स्थानही या संदर्भात मोलाचे आहे. आल्प्समध्ये पर्वतीय मार्गदर्शक हा एक मान्यताप्राप्त व्यवसाय आहे. आपल्याकडे पायथ्याच्या गावांतील गुराखी, कातकरी, ठाकर व महादेव कोळी समाजातील माणसांना डोंगराच्या वाटा, पाण्याच्या जागा आणि पावसाचा रंग यांची पिढ्यान्‌पिढ्यांची जाण आहे. डोंगरात कोणी हरवल्यास पहिली हाक त्यांनाच जाते आणि गिर्यारोहक स्वयंसेवकांच्या बचावपथकांनाही त्यांचीच सोबत घ्यावी लागते. अपघातानंतर ज्यांना बोलावले जाते, त्यांचा सल्ला मोहीम निघण्यापूर्वी घेतला आणि त्यांच्या श्रमाचा योग्य मोबदला दिला, तर त्यातून सुरक्षितता व रोजगार या दोन्ही गोष्टी साधतील.

शिक्षकांच्या दृष्टीने सांघिक साहसाचे आणखी एक मूल्य आहे. शाळेतील बहुतेक स्पर्धा पुढे कोण गेला हे पाहतात. तिघांच्या गस्तीत मागे कोण राहिला हे पाहावे लागते. वर्गातील धावपटू मुलाने संथ चालणाऱ्या मित्राचे ओझे आपल्या पाठीवर घेणे आणि संथ चालणाऱ्याने 'मला जमत नाही' हे वेळेवर, न लाजता सांगणे, या दोन्ही गोष्टी शिकवाव्या लागतात. त्यांसाठी हिमनदीची आवश्यकता नाही. गावाजवळच्या टेकडीवर, दिवसाउजेडी, तिघातिघांचे गट करून ही सवय लावता येते.

ओर्सिएरचे तिघे जेथे पडले त्या हिमनदीवरूनच आजही स्पर्धेचा मार्ग जातो. रात्रीच्या अंधारात तेत ब्लांशवरून दिव्यांची लांबच लांब रांग खाली उतरताना दिसते. नीट पाहिले असता ती एकसलग रांग नसून तीन-तीन दिव्यांचे गट असल्याचे ध्यानी येते. प्रत्येक गटातील तीन दिवे ठराविक अंतर राखून, एकाच दोराने बांधलेले, एकत्र पुढे सरकत असतात. त्यांच्या पुढच्या ठाण्यावर कोणीतरी वही उघडून त्यांची वाट पाहत असतो.